करीम अब्दुल-जब्बार ज्याला सर्वश्रेष्ठ मानायचे, तो अर्ल

बास्केटबॉल म्हटलं की आपल्या घरांत एक नाव हमखास निघतं, करीम अब्दुल-जब्बार. सात फुटांहून उंच, सहा वेळा एनबीए विजेते, 2023 पर्यंत टिकलेला 38,387 गुणांचा विक्रम, आणि ऐन उमेदीत इस्लाम स्वीकारून नवं नाव घेतलेला माणूस. आपण ज्यांच्यासोबत किंवा ज्यांच्याविरुद्ध खेळलो त्यांत सर्वात मोठा खेळाडू कोण, असं त्यांना निवृत्तीनंतर विचारलं गेलं. त्यांनी नाव घेतलं ते एनबीएमध्ये एकही सामना न खेळलेल्या एका माणसाचं. त्या अर्ल मॅनिगॉल्टची ही हकीकत.

अर्लचा जन्म 7 सप्टेंबर 1944 चा, अमेरिकेच्या दक्षिणेतील चार्ल्सटन शहरातला. जन्मदात्यांचा आधार मिळाला नाही. मेरी मॅनिगॉल्ट नावाच्या बाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं आणि न्यूयॉर्कला हार्लेममध्ये आणलं. हार्लेम म्हणजे काळ्या लोकांची दाट वस्ती. गरिबी भरपूर, काम कमी. पण चौकाचौकांत बास्केटबॉलची सिमेंटची मैदानं होती, आणि अर्लचं बालपण तिथेच गेलं. त्याचं आडनाव नीट उच्चारता न आल्याने कोणीतरी त्याचं ‘गोट’ करून टाकलं, असं सांगतात. गोट म्हणजे बकरा. आजची पोरं मोबाइलवर मेस्सीच्या नावापुढे बकऱ्याचं चित्र टाकतात, त्याचा अर्थ वेगळा. अर्लचा बकरा मोहल्ल्यातला होता.

उंची जेमतेम सहा फूट एक इंच. या खेळात ती कमीच समजतात. पण त्याची उडी! पायांना वजनं बांधून तो सराव करायचा. बास्केटची कडी जमिनीपासून दहा फुटांवर असते आणि मागच्या फळीचा वरचा काठ तेरा फुटांवर. त्या काठावर ठेवलेलं नाणं अर्ल उडी मारून काढायचा, असं हार्लेममधले लोक आजही सांगतात. खरं-खोटं अल्लाह जाणे. पण करीमसारखा माणूस तरुणपणी याच मैदानांवर त्याच्याशी खेळला होता, त्यामुळे सगळंच बाजूला सारता येत नाही.

या मैदानांवर एक माणूस होता, हॉल्कम रकर. महापालिकेच्या उद्यान खात्यात नोकरीला होते. पोरांसाठी त्यांनी उन्हाळी स्पर्धा सुरू केली, पण खेळायला आलेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक आधी बघायचे. अभ्यास नाही तर खेळ नाही, हा त्यांचा हिशेब. शाळेतून गांजा ओढल्याच्या आरोपावरून अर्लला काढलं, तेव्हा रकर यांनीच खटपट करून त्याला नॉर्थ कॅरोलायनातल्या लॉरिनबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये पाठवलं. तिथे त्याचं शालेय शिक्षण पुरं झालं. पुढे त्याच राज्यात शार्लटच्या जॉन्सन सी. स्मिथ विद्यापीठात प्रवेश मिळाला. पण अभ्यास झेपेना, प्रशिक्षकांशीही पटेना. थोड्याच महिन्यांत तो हार्लेमला परत आला.

रकर 1965 मध्ये कॅन्सरने वारले, चाळिशीही गाठली नव्हती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात हार्लेममध्ये हेरॉइन घराघरांत शिरलं आणि अर्लही त्यात सापडला. रकर जिवंत असते तर काय झालं असतं, हे कोण सांगणार? आम्हाला मात्र राहून राहून वाटतं, कान धरणारं माणूस गेलं की हुशार पोरगंही फार लवकर घसरतं.

1969 मध्ये तो तुरुंगात गेला. दीड वर्षाच्या आतच सुटला. दरम्यान पीट ॲक्स्थेल्म या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या बास्केटबॉलवरच्या पुस्तकात त्याच्यावर लिहिलं. ते वाचून युटा स्टार्स या व्यावसायिक संघाने चाचणीला बोलावलं. पंचविशी ओलांडलेली, शरीर नशेने पोखरलेलं. निवड झाली नाही. करीम तोवर एनबीएचे बादशहा होत चालले होते.

इथून पुढची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. अर्ल मैदानावर परत आला, पण आता पोरांसाठी. मॅनहॅटनच्या 98 व्या रस्त्यालगतच्या मैदानात त्याने उन्हाळी स्पर्धा भरवली. नाव साधं, नशेपासून दूर चला. उपदेश करायला त्याला पुस्तक लागत नव्हतं. पोरांना त्याची कहाणी ठाऊक होती. पण माणूस एका झटक्यात सुधारतो, असं फक्त सिनेमात होतं. 1977 मध्ये नशेने त्याला पुन्हा ओढलं. चोरीच्या फसलेल्या प्रयत्नात तो परत आत गेला, दोन वर्षांसाठी. ज्या मुलांना तो शिकवत होता त्यांच्यासमोर हे घडलं. या लाजेचं ओझं किती असेल, विचार करा.

सुटल्यावर त्याने शहरच सोडलं. दोन धाकट्या मुलांना घेऊन चार्ल्सटनला गेला, म्हणजे जुनी संगतही सुटली. रंगकाम, लोकांच्या बागेतलं गवत कापणं, मिळेल ते काम केलं. हेरॉइन सुटलं, पण हृदय खराब झालं होतं. 1987 मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर तो न्यूयॉर्कला परतला. आता उडी मारणं शक्य नव्हतं. बारीक झालेला, थकलेला अर्ल त्याच मैदानावर यायचा आणि पोरांना खेळ शिकवायचा, शाळा सोडू नका म्हणून सांगायचा. 1996 मध्ये त्याच्या आयुष्यावर टीव्ही चित्रपट निघाला. दोनच वर्षांनी, 15 मे 1998 रोजी, हृदय थकून त्याचा इंतकाल झाला. वय 53.

98 व्या रस्त्याच्या त्या मैदानाचं सरकारी नाव हॅपी वॉरियर प्लेग्राउंड आहे. तिथली पोरं मात्र त्याला गोट पार्कच म्हणतात.