प्रथिनांचा हिशेब आणि लीबिग

प्रयोगशाळेतील लीबिग संघनक विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. (तो लीबिग यांनी रूढ केला, शोध त्यांचा नव्हे.) त्यांचे प्रथिनांविषयीचे मत मात्र कुणाचे हे ठाऊक नसतानाही व्यायामशाळांतून अजून वावरते.

युस्टुस फॉन लीबिग यांचा जन्म १८०३ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे रंग व रसायने विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. अवघ्या २१ व्या वर्षी ते गीसेन येथे प्राध्यापक झाले. काम करताना स्नायू स्वतःतील प्रथिनेच खर्ची घालतो, सबब कष्ट जितके अधिक तितकी प्रथिने अधिक हवीत, असे त्यांनी १८४२ मध्ये प्रतिपादिले.

१८६५ मध्ये फिक व विस्लिसेनुस हे दोन शास्त्रज्ञ प्रथिने वर्ज्य करून, केवळ पिष्ट, चरबी व साखरेवर स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले. मूत्रातील नायट्रोजनवरून काढलेला प्रथिनांचा खर्च त्या चढाईला पुरणारा नव्हता. इंधन दुसरेच होते. त्याच वर्षी लीबिग यांच्या नावाची मांसार्क कंपनी उभी राहिली. सुमारे ३० किलो मांसातून एक किलो अर्क निघे, आणि स्नायू घडवणारी बहुतेक प्रथिने चोथ्यातच राहत!

१८७३ मध्ये म्युनिक येथे लीबिग निवर्तले. त्यांचे शिष्य कार्ल फॉइट यांनी ७० किलो वजनाच्या कष्टकऱ्यासाठी रोज ११८ ग्रॅम प्रथिने ठरवली, म्हणजे किलोमागे सुमारे १.७ ग्रॅम. सामान्य प्रौढाला आज ०.८ ग्रॅम पुरेसे मानतात. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यास मात्र १.६ ग्रॅमच्या आसपास सांगितले जाते. आकडा जवळचाच, कारण निराळे: ती प्रथिने जाळण्यासाठी नव्हेत, नवा स्नायू बांधण्यासाठी लागतात. श्रमाचे इंधन मुख्यतः भात-भाकरी आणि तेल-तूपच पुरवते.