बाबासाहेब, एक बुद्धचरित्र आणि सोलापूरचे वसतिगृह

भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. अस्पृश्य म्हणून शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नव्हते; फारसी घ्यावी लागली. मुंबईतील सत्कारात केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

परदेशातून शिकून परतल्यावर बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. राहायला जागा नाही म्हणून दलित मुलांचे हायस्कूल सुटू नये, यासाठी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. मुलांना वाचनाची गोडी लागावी यावर भर होता. मुंबईत मोफत वाचनालयही सुरू केले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. बुद्धावरचा त्यांचा स्वतःचा ग्रंथ १९५७ मध्ये वाचकांच्या हाती आला.