सर्वांस मोकळें द्वार : जॉन वेस्ली याचें चरित्र

ईश्वर सर्वांचा आहे हें वाक्य उच्चारणें जितकें सोपें, तितकेंच तें आचरणांत आणणें कठीण आहे. बहुतेक सर्व धर्मांतील उपदेशक तें व्यासपीठावरून सांगतात, आणि बहुतेक सर्व धर्मांतील देवालयांच्या उंबरठ्यावर त्याचा कोठें ना कोठें भंग झालेला आढळतो. ख्रिस्ती धर्माचा इतिहासही याला अपवाद नाहीं. ईश्वराचें तारण मनुष्यमात्रासाठीं आहे, कीं त्यानें आरंभींच निवडून ठेविलेल्या थोड्यांसाठीं आहे, या प्रश्नावर त्या धर्मांत शतकानुशतकें कडाक्याचा वाद झाला. हा वाद केवळ पंडितांच्या पोथ्यांतला असता, तर त्यासाठीं आज हे रकाने खर्ची घालण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु अठराव्या शतकांत इंग्लंडांतील एका मनुष्यानें या प्रश्नाचें एक उत्तर मनाशीं पक्कें केलें, आणि तें खरें मानल्यास काय काय करावें लागतें हें पन्नासांवर वर्षें करून दाखविलें. त्या जॉन वेस्लीचें चरित्र आमच्या सुशिक्षित व व्यापारी वाचकांनीं, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, एकवार लक्षपूर्वक पाहण्याजोगें आहे.

वादाचें स्वरूप थोडक्यांत असें. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) याच्या परंपरेंत असें मत रूढ झालें कीं, पापानें ग्रासलेल्या मनुष्यास स्वतःच्या बळावर ईश्वराकडे वळतांही येत नाहीं. म्हणून कोण तरणार व कोण बुडणार हें ईश्वरानेंच सृष्टीच्या पूर्वीं ठरवून ठेविलें आहे. हॉलंडांतील याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) या पंडितानें या मतास हरकत घेतली. त्याच्या अनुयायांचें म्हणणें असें कीं, ख्रिस्तानें प्राण दिला तो सर्वांसाठीं. कृपा सर्वांपुढें मांडलेली आहे. ती स्वीकारणें अथवा झिडकारणें मनुष्याच्या हातीं आहे. १६१८–१९ सालीं डॉर्ट येथें भरलेल्या धर्मसभेनें हें म्हणणें त्याज्य ठरविलें आणि त्याच्या पुरस्कर्त्या उपाध्यायांस पदच्युत केलें. तारण सर्वांस खुलें आहे याचा अर्थ सर्वजण आपोआप तरतील असा नव्हे, हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. द्वार मोकळें असणें निराळें आणि आंत पाऊल टाकणें निराळें.

जॉन वेस्लीचा जन्म १७०३ सालच्या जून महिन्यांत लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ या गांवीं झाला. बाप सॅम्युएल हा तेथील उपाध्याय. आई सुझॅना ही विलक्षण करारी व विचारी बाई. तिला एकोणीस अपत्यें झालीं व त्यांपैकीं कित्येक लहानपणींच वारलीं. जीं राहिलीं त्यांस तिनें स्वतः शिकविलें. १७०९ सालीं त्यांच्या घरास रात्रीं आग लागली, तेव्हां पांच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला व छप्पर कोसळण्याच्या आधीं लोकांनीं त्यास खिडकींतून बाहेर काढलें. ईश्वरानें आपणांस कांहीं कार्यासाठीं वांचविलें ही भावना त्याच्या मनांत पुढें जन्मभर राहिली. पूर्वनिवडीच्या मताविषयीं आईच्या मनांत पहिल्यापासून तिटकारा होता, व १७२५ सालीं मुलास लिहिलेल्या पत्रांत तिनें तो स्पष्ट बोलून दाखविला. त्याच सालीं ऑक्सफर्ड येथें वेस्लीनें धर्मदीक्षा घेतली आणि पुढल्या वर्षीं तो तेथील लिंकन कॉलेजाचा फेलो झाला.

ऑक्सफर्डांत त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स व इतर कांहीं तरुण यांनीं एक लहानशी मंडळी काढली होती. नेमानें प्रार्थना, उपवास, ग्रंथाध्ययन आणि तुरुंगांतील कैद्यांची भेट, असा तिचा क्रम. या नेमस्तपणाची थट्टा म्हणून इतर विद्यार्थ्यांनीं त्यांस मेथॉडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, हें नांव ठेविलें, आणि थट्टेचें तें नांव पुढें एका मोठ्या पंथाचें नांव झालें. परंतु या काळांतला वेस्ली अजून स्वतःच्या पुण्याईचा हिशेब ठेवणारा कर्मठ मनुष्य होता. १७३५ सालीं तो अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत धर्मकार्यासाठीं गेला. वाटेंत समुद्रांत वादळ झालें, तेव्हां हा स्वतः मरणाच्या भयानें कांपत असतां जहाजावरील मोरेव्हियन पंथाचे गरीब जर्मन लोक शांतपणें भजन म्हणत होते, हें पाहून तो ओशाळला. सॅव्हाना गांवांत त्याच्या कडक शिस्तीस लोक कंटाळले. ज्या मुलीवर त्याचें मन होतें तिनें दुसऱ्याशीं लग्न केल्यावर त्यानें तिला प्रभुभोजनाच्या विधींतून वगळलें, त्यावरून फिर्याद झाली, आणि १७३७ च्या डिसेंबरांत त्यानें ती वसाहत सोडली. जो पुढें सर्वांस द्वार उघडणारा म्हणून प्रसिद्धीस आला, त्यानें तरुणपणीं एका बाईस द्वार बंद केलें होतें, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांस झांकतां आलेली नाहीं.

२४ मे १७३८ रोजीं संध्याकाळीं लंडनांतील आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा सभेस तो नाखुशीनेंच गेला. तेथें कोणी मार्टिन ल्यूथरची, रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचून दाखवीत होता. ती ऐकतां ऐकतां, आपलें तारण आपल्या नेमांवर व उपवासांवर अवलंबून नसून ख्रिस्ताच्या कृपेवर आहे, ही श्रद्धा त्याच्या मनांत बसली. जी कृपा आपल्या लायकीवांचून आपणांस मिळाली, ती दुसऱ्याच्या लायकीची चौकशी करून वांटण्याचा आपणांस अधिकार काय, हा प्रश्न मग ओघानेंच आला.

त्याचें उत्तर देण्याची वेळ लवकरच आली. जॉर्ज व्हाइटफील्ड या त्याच्या तरुण मित्रानें ब्रिस्टलजवळील किंग्जवुडच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांस उघड्या माळावर उपदेश करण्यास आरंभ केला होता. हे मजूर चर्चमध्यें फिरकत नसत आणि चर्चही त्यांच्याकडे फिरकत नसे. व्हाइटफील्डनें वेस्लीस बोलाविलें. चर्चच्या चार भिंतींबाहेर उपदेश करणें वेस्लीस जवळ जवळ पाप वाटे. तरी २ एप्रिल १७३९ रोजीं त्यानें संकोच गिळून उघड्यावर पहिलें प्रवचन केलें. त्यानंतर त्यानें मागें पाहिलें नाहीं. ब्रिस्टलच्या बिशपानें त्यास निघून जाण्यास बजाविलें, कित्येक चर्चांचीं व्यासपीठें त्यास बंद झालीं. १७४२ सालीं खुद्द एपवर्थास बापाच्या चर्चांत बोलण्यास मनाई झाली, तेव्हां तो अंगणांतील बापाच्या थडग्यावर उभा राहिला, आणि आंत मावला नसता इतका समुदाय बाहेर जमला. १७४३ सालीं वेन्झबरी येथें जमावानें त्यास मारहाण करून फरफटत नेलें. तरी तो पुन्हा त्याच भागांत गेला. घोड्यावर बसून, वाटेंत पुस्तक वाचीत, त्यानें आयुष्यांत सुमारें अडीच लाख मैलांचा प्रवास केला व सुमारें ४०,००० प्रवचनें दिलीं, असा अंदाज केला जातो.

परंतु विरोधकांचा मार सोसणें सोपें. मित्राशीं झालेला मतभेद सोसणें कठीण. व्हाइटफील्ड हा पूर्वनिवडीचें मत मानणारा होता. वेस्लीस वाटे कीं, ज्या मजुरापुढें आपण कृपेची घोषणा करितों, तो कदाचित् जन्मापूर्वींच त्याज्य ठरलेला असेल असें मनांत धरणें म्हणजे ईश्वरास निर्दय व उपदेशास निरर्थक ठरविणें होय. १७३९ सालीं त्यानें कृपा सर्वांसाठीं व सर्वांत मुक्त आहे या विषयावर प्रवचन केलें आणि, छापावें किंवा नाहीं याविषयीं चिठ्ठ्या टाकून, तें छापूनही काढलें. व्हाइटफील्डनें जाहीर पत्रानें उत्तर दिलें व १७४१ सालीं दोघांचे मार्ग वेगळे झाले. येथें दुसऱ्या पक्षासही न्याय दिला पाहिजे. पूर्वनिवड मानणारांचा हेतु मनुष्याचा अहंकार मोडण्याचा व तारणाचें सारें श्रेय ईश्वरास देण्याचा होता. आणि निवडलेले कोण हें मनुष्यास ठाऊक नसल्यामुळें व्हाइटफील्डनेंही सर्वांपुढेंच उपदेश केला. पुढें उभयतांचा स्नेह पुन्हा जुळला, आणि १७७० सालीं व्हाइटफील्ड वारला तेव्हां त्याच्या स्मरणार्थ लंडनांत प्रवचन करण्याचें काम वेस्लीनेंच केलें. मत न सोडतां मित्र न सोडण्याचें हें उदाहरण आमच्याकडील सार्वजनिक कार्यकर्त्यांनीं घेण्यासारखें आहे.

आतां व्यापारी वाचकांच्या विशेष उपयोगाची गोष्ट सांगतों. १७४२ सालीं ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावरील कर्ज फेडण्यासाठीं असें ठरलें कीं, सुमारें बारा बारा जणांचे गट करावे, प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी, आणि ज्यास ती देणें जमणार नाहीं त्याची भर गटाच्या प्रमुखानें घालावी. या वसुलीच्या फेरींतूनच एकमेकांच्या सुखदुःखाची विचारपूस करणारी पंथाची सारी संघटना उभी राहिली. लंडनांत तोफा ओतण्याचा एक मोडका कारखाना घेऊन वेस्लीनें तेथें प्रार्थनागृह केलें, व १७४६ सालीं तेथेंच गरिबांसाठीं दवाखाना व कर्जाऊ निधि काढला. निधीचें भांडवल अवघें तीस पौंडांचें. एका वेळीं वीस शिलिंगांपर्यंत रक्कम द्यावयाची व ती तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्यांनीं फेडून घ्यावयाची. दीड वर्षांत अडीचशेंवर माणसांची त्यानें नड भागली. पुढें याच निधींतून पांच पौंड घेऊन जेम्स लॅकिंग्टन नांवाच्या चांभारानें पुस्तकांचें दुकान वाढविलें व तो लंडनांतील बड्या पुस्तकविक्यांपैकीं एक झाला. प्रामाणिकपणें जितकें मिळवितां येईल तितकें मिळवावें, जितकें वांचवितां येईल तितकें वांचवावें, आणि मग देतां येईल तितकें देऊन टाकावें, असा वेस्लीचा उपदेश होता. पहिल्या दोन गोष्टी ऐकून तिसरी विसरणाऱ्या अनुयायांची त्यास म्हातारपणीं फार चिंता वाटे. तो स्वतः तरुणपणीं वर्षास २८ पौंडांत राही, आणि उत्पन्न वाढलें तेव्हांही खर्च न वाढवितां वरचें सर्व वांटून टाकी. १७७६ सालीं सरकारी कर-खात्यानें चांदीच्या भांड्यांची यादी मागितली, तेव्हां लंडनांत दोन चमचे व ब्रिस्टलांत दोन चमचे, एवढीच मालमत्ता त्यानें कळविली.

सर्वांसाठीं या शब्दांत सर्व कोण, याची खरी कसोटी गुलामांच्या बाबतींत लागली. अमेरिकेंत असतां त्यानें गुलामांची दैना डोळ्यांनीं पाहिली होती. १७५८ सालीं अँटिग्वा बेटांतील नॅथॅनिएल गिल्बर्ट या मळेवाल्याच्या दोघां काळ्या गुलामांस त्यानें लंडनजवळ बाप्तिस्मा दिला. ज्याच्यासाठीं ख्रिस्तानें प्राण दिला त्यास बाजारांत विकावयाचें, ही विसंगति मग त्यास सहन होईना. १७७४ सालीं गुलामगिरीविरुद्ध त्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तींत जहाजांचे कप्तान, व्यापारी व मळेवाले या तिघांसही थेट जाब विचारला. व्यापारास गुलाम आवश्यक आहेत या सबबीस त्याचें उत्तर असें कीं, अन्यायाशिवाय जी संपत्ति मिळत नाहीं ती न मिळालेलीच बरी. १७८८ सालीं ब्रिस्टलांत, म्हणजे ज्या बंदराची भरभराट बऱ्याच अंशीं गुलामांच्या व्यापारावर झाली होती तेथेंच, तो या विषयावर बोलला. मरणापूर्वीं सहा दिवस, २४ फेब्रुवारी १७९१ रोजीं, त्यानें विल्यम विल्बरफोर्सला हा लढा न सोडण्याविषयीं पत्र लिहिलें. ब्रिटिश पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार १८०७ सालीं व वसाहतींतील गुलामगिरी १८३३ सालच्या कायद्यानें बंद केली. येथें केवळ मताचा जयजयकार करून भागणार नाहीं. व्हाइटफील्डनें जॉर्जियांत गुलाम ठेवण्यास परवानगी मागितली हें खरें, परंतु पूर्वनिवड मानणारा जॉन न्यूटन हाही पुढें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभा राहिला. मत मनुष्यास दिशा दाखवितें. चालावें त्यालाच लागतें.

वेस्ली निर्दोष नव्हता. त्याचा विवाह सुखाचा झाला नाहीं. स्त्रियांस उपदेश करण्याची मोकळीक त्यानें हळूहळू व चांचरतच दिली. १७४९ सालीं रोमन कॅथॉलिकांस उद्देशून सलोख्याचें पत्र लिहिणाऱ्या याच मनुष्यानें १७८० सालीं त्यांना सवलती देण्याविरुद्ध लेखणी उचलली. ईश्वराची कृपा सर्वांस खुली म्हणणाऱ्यासही राज्याचे हक्क सर्वांस खुले करणें जड गेलें.

२ मार्च १७९१ रोजीं, ८७ व्या वर्षीं, तो लंडनांत वारला. आपली शवपेटी सहा गरीब माणसांनीं उचलावी व त्यांस प्रत्येकीं एक पौंड द्यावा, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. त्या वेळीं ब्रिटिश बेटांत त्याच्या मंडळ्यांचे ७०,००० वर सभासद होते. पुढें हा पंथ जगभर पसरला. १८७१ च्या सुमारास विल्यम टेलर या अमेरिकन उपदेशकाबरोबर तो मुंबईसही आला. परंतु वेस्लीच्याच घरांत दारें पुन्हा लोटलीं गेलीं. इंग्लंडांतील परिषदेनें १८०३ सालीं स्त्रियांच्या उपदेशावर निर्बंध घातले. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील मेथॉडिस्ट चर्चांत गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेल्या काळ्या सभासदांस उठवून बाजूस काढण्यांत आलें. त्यांच्यांतील रिचर्ड ॲलन यानें १८१६ सालीं आपल्या लोकांची निराळी धर्मसंस्था उभारली. १८४४ सालीं तर गुलामगिरीच्या प्रश्नावरून तेथील पंथाचे दोन तुकडेच झाले. या सर्व मंडळ्यांच्या पोथीत तारण सर्वांसाठीं होतेंच.

आमच्या मतें या चरित्राचा बोध येथेंच आहे. उदार तत्त्व एकदां मान्य केलें म्हणजे काम संपलें, असा सुशिक्षितांचा मोठा गैरसमज असतो. तत्त्वाची नोंद ग्रंथांत राहते, परंतु दार रोज कोणीतरी उघडावें लागतें. न उघडल्यास तें आपल्याच भारानें मिटतें. कोणती धर्मसंस्था, कोणती पेढी, कोणती शाळा खरोखर सर्वांची आहे, हें तिची नियमावली वाचून ठरवूं नये. तिच्या पायरीशीं जावें, बाहेर कोण उभा आहे तें पाहावें, आणि किती दिवसांपासून उभा आहे तें त्यालाच विचारावें.