हॅटच्या पिनेने गाडी दुरुस्त करणारी बर्था बेंझ

ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी पिकअप घेत नाही, गचके खाते, चढ आला की धापा टाकते. अशी गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिक आधी काय बघतो? इंजिनपर्यंत पेट्रोल नीट पोचतंय का, स्पार्क बरोबर पडतोय का आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जातेय का.

हीच तपासणी १८८८ साली एका बाईने भर रस्त्यात केली होती. तेव्हा गॅरेज नव्हतं, मेकॅनिक नव्हता, पेट्रोल पंपही नव्हता. तिचं नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. घरची परिस्थिती चांगली होती. तिचं लग्न ठरलं कार्ल बेंझशी. हुशार इंजिनिअर, पण खिसा रिकामा. कार्लचं भागीदाराशी बिनसलं आणि कारखाना हातचा जायची वेळ आली. तेव्हा बर्थाने आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि भागीदाराचा वाटा विकत घ्यायला कार्लला दिली. १८७२ मध्ये दोघांचं लग्न झालं.

पुढची कितीतरी वर्षं ओढाताणीत गेली. अखेर २९ जानेवारी १८८६ ला कार्लने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडी तयार होती, पण गिऱ्हाईक येईना. लोकांना ती गंमत वाटायची, घोड्याची जागा घेईल असं वाटत नव्हतं. कार्ल स्वतः बुजरा. गाडी अजून नीट झालेली नाही, असंच त्याला वाटायचं. इकडे बर्थाचा पैसा आणि सगळ्या घराचं भविष्य त्या गाडीत अडकलं होतं.

ऑगस्ट १८८८ मधल्या एका पहाटे कार्ल झोपेत असताना बर्थाने गाडी बाहेर काढली. सोबत ऑयगेन आणि रिचर्ड ही दोन पोरं. मॅनहाइमहून फोर्झहाइमला आईकडे जायचं, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर अंतर. तोवर मोटार गावाच्या आसपासच फिरली होती. पुढचे रस्ते बैलगाड्या आणि घोडागाड्यांचे.

पहिली अडचण आली इंधनाची. गाडी लिग्रॉइनवर चालायची. हे डाग काढायचं द्रव्य औषधाच्या दुकानात मिळायचं. व्हिसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून बर्थाने ते घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

मग इंधनाच्या बारीक नळीत कचरा अडकला. अशा वेळी इंजिनला हवा मिळते पण इंधन कमी पडतं, आणि ताकद जाते. बर्थाने हॅटची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. पुढे इग्निशनची वायर घासून उघडी पडली. उघडी वायर धातूला टेकली की वीज भलतीकडेच जाते आणि ठिणगी पडत नाही. तिथे तिने पायमोजा धरून ठेवणारा आपला पट्टा गुंडाळला. पट्टा वीज वाहून नेत नाही, त्यामुळे काम झालं. चेन बिघडली तेव्हा लोहाराला गाठलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथूनच झाली असं मानतात.

एक दोष मात्र पिनेने किंवा पट्ट्याने सुटणारा नव्हता. मोठा चढ आला की गाडी पुढे जाईना. इंधन मिळत होतं, स्पार्कही होता, पण चढ ओढून नेईल असा गिअरच गाडीत नव्हता. मग खाली उतरून ढकलण्याशिवाय इलाज नसायचा.

अंधार पडता पडता तिघं फोर्झहाइमला पोचले. बर्थाने कार्लला तार करून कळवलं आणि काही दिवसांनी गाडी चालवतच ती परतली. रस्त्यात काय काय बिघडलं हे तिने नवऱ्याला सांगितलं. त्यावरून कार्लने चढासाठी आणखी एक गिअर बसवला. कारखान्याच्या अंगणात कधीच न सापडलेला दोष शंभर किलोमीटरच्या रस्त्याने दाखवून दिला होता.

प्रवासाची चर्चा गावोगाव झाली. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात बेंझच्या गाडीला सुवर्णपदक मिळालं. शतक संपेपर्यंत बेंझ कंपनी जगातली सर्वात मोठी मोटार उत्पादक झाली होती.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. ९५ व्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला, लाडेनबुर्ग इथे तिचं निधन झालं. ती गेली होती तो रस्ता आज तिच्या नावाने ओळखला जातो.

आता गाड्यांमध्ये इंजेक्टर आणि सेन्सर आलेत. तरी पिकअप गेला की मेकॅनिक आजही इंधनाचा फिल्टर बघतो, प्लग आणि वायर तपासतो. आणि चढ लागला की तुमचा हात आपोआप खालच्या गिअरकडे जातो.