रंग हुकले, रेषा धरली

चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि कळलं, काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत! दुसरा कुणी असता तर गावाकडची गाडी पकडली असती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी रंग सोडले, पेन्सिल मात्र सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढायला ते शिकले आणि आज ज्याला आपण व्हीजेटीआय म्हणतो, तिथे शिक्षक झाले.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या या माणसाच्या आयुष्यात असे धक्के पुढेही बसत राहिले. नोकरीत हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली. राग आला, राजीनामाही दिला. पण तो नुसत्या रागाच्या भरात नव्हता. थोरले बंधू रामूअण्णांसोबत बेळगावात सायकलींचा धंदा आधीच सुरू झालेला होता. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात १८८८ पासून मोजतात ती त्यामुळेच. उडी मारली, पण खाली जमीन आहे हे बघून.

खरी कसोटी लागली लोखंडी नांगराच्या वेळी. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर तयार, पण गिऱ्हाईकच नाही! इथे दोन चुका सहज झाल्या असत्या: हट्टाने ढीगभर नांगर बनवून ठेवणं किंवा वैतागून नाद सोडणं. लक्ष्मणरावांनी दोन्ही टाळल्या. कडबा कापायच्या यंत्रासारख्या मालावर कारखाना चालू ठेवला आणि नांगराला वेळ दिला. हळूहळू शेतकऱ्यांचा विश्वास बसला.

जरा बस्तान बसतंय तोच बेळगाव नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली, भांडवलालाही मदत केली. जमीन म्हणजे काय, निवडुंग आणि साप! १९१० मध्ये मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले. उभी राहिली किर्लोस्करवाडी. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी तिथे चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. माणसाचा कालचा शिक्का बघायचा नाही, आज तो काय करू शकतो ते बघायचं, हा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर दरबाराकडच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. मित्रांनो, स्टार्टअप म्हटलं की आपण आधी फंडिंगचा विचार करतो. लक्ष्मणरावांपाशी पैसा नेहमी कमीच असायचा. प्रत्येक धक्क्यानंतर ते आधी स्वतःला सावरायचे आणि मग हातात काय उरलंय ते मोजायचे. पुढचा निर्णय त्यानंतर. तुमची परीक्षा हुकली, नोकरी गेली, तर तेवढं मोजून बघा.