डिजिटल फोरेन्सिक्स शिकायचंय? मग आधी इतिहासाचार्य राजवाड्यांना भेटा

डिजिटल फोरेन्सिक्स म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अंधारी खोली, तीन मॉनिटर, हिरवी अक्षरं आणि बटण दाबताच डिलीट केलेले मेसेज बाहेर काढणारं सॉफ्टवेअर. माझ्या मावसभावालाही तसंच वाटायचं. आम्ही दोघं केंदूरचे. शिरूर तालुक्यातलं, पाबळच्या शेजारचं हे गाव कान्होराज पाठक महाराजांचं गाव म्हणून ओळखलं जातं. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आलो, तो बीएस्सी करून विद्यापीठात डिजिटल फोरेन्सिक्सला गेला. पहिल्याच सत्रात त्याची कुरकुर सुरू झाली. टूल राहिलं बाजूला, नुसतं लिहायलाच लावतात. फोन कुठे मिळाला, कुणी उचलला, किती वाजता सील केला, कुणाच्या ताब्यात दिला. एवढा कागदी कारभार कशाला, असं त्याचं म्हणणं.

त्याला मी ज्या माणसाबद्दल सांगितलं, त्याने आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नाही. तो गेला १९२६ साली. पण डिजिटल फोरेन्सिक्सच्या पहिल्या सत्रात जे शिकवतात, त्यातलं बरंचसं त्याच्या आयुष्यात सापडतं. त्याला जमलेलंही आणि न जमलेलंही.

कोण होते राजवाडे?

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. मूळ गाव वरसई, आजच्या रायगड जिल्ह्यातलं. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झालं, डेक्कन कॉलेजातून बीए केलं. काही काळ शाळेत शिकवलं, 'भाषांतर' नावाचं मासिक चालवलं. पत्नी तरुणपणीच वारली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यानंतर नोकरी नाही, पगार नाही, घरदार नाही. गावोगाव फिरायचं, हाताने स्वयंपाक करायचा आणि जुने कागद शोधायचे, हेच आयुष्य. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी लिहायचं ते मराठीतच, असं ठरवलं होतं. स्वभाव मात्र भयंकर तापट. कुणाशी कधी बिनसेल याचा नेम नसायचा.

फॉरवर्ड वेगळा, रेकॉर्ड वेगळं

त्या काळी मराठ्यांचा इतिहास दोन ठिकाणी वाचायला मिळायचा. एक, ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेला, १८२६ साली छापलेला ग्रंथ. दुसरं म्हणजे बखरी. बखर वाचायला रंगतदार, पण बऱ्याच बखरी घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज. मूळ कुणी पाठवला, मध्ये कुणी काय घातलं, काही पत्ता नाही.

राजवाड्यांना वाईला पेशवाईतली अस्सल पत्रं मिळाली. पानिपतच्या आधीच्या धामधुमीत, त्या त्या दिवशी, त्या त्या माणसांनी लिहिलेली. कुणी पैसे मागतोय, कुणी फौज कुठे पोचली ते कळवतोय. इतिहास लिहायचा म्हणून यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, कामापुरतं लिहिलं होतं. म्हणूनच ते जास्त भरवशाचं. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. ही माला पुढे २२ खंडांपर्यंत गेली.

फोन तपासणारा तज्ज्ञ हेच करतो. आरोपी काय सांगतो, शेजारी काय सांगतो, ते पोलीस बघतील. तज्ज्ञ बघतो ती फोनने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली नोंद. कुठल्या वायफायला कधी जोडला, ॲप कधी उघडलं, फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला. कुणाला दाखवायचं म्हणून फोन हे लिहीत नाही. त्यातही फेरफार करता येतो, म्हणून एका नोंदीवर न थांबता ती दुसऱ्या नोंदींशी ताडून बघायची. राजवाडेही एका पत्रातली हकीकत दुसऱ्या पत्राशी लावून बघत.

डेटा रद्दीत जाण्याआधी

राजवाडे एवढे वणवण का फिरले? कारण कागद संपत चालले होते. पेशवाई जाऊन ऐंशी वर्षं झाली होती. मोडी वाचणारे कमी होत होते. वाड्यांच्या माळ्यांवर दप्तरं वाळवी खात होती, कुणी ती रद्दीत घालत होतं. घरमालकांना संशय यायचा, की हा माणूस कागद नेऊन आपल्या वतनाचं काही वाकडं तर करणार नाही? काही ठिकाणी दारातूनच परत जावं लागायचं. आणि आज न मिळालेला कागद पुढच्या वर्षी असेलच, याची खात्री नव्हती.

फोनचंही असंच आहे. मेसेज डिलीट केला की बहुतेक वेळा तो लगेच पुसला जात नाही. डेटाबेसमधली ती जागा 'मोकळी' म्हणून नोंदवली जाते, आणि नवीन काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथे असू शकतो. म्हणजे फोन जितका जास्त वापराल, तितका पुरावा पुसत जाणार. फॅक्टरी रीसेट केला तर कथाच संपली. आजच्या फोनमधला डेटा एनक्रिप्टेड असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. म्हणून जप्त केलेला फोन सिग्नल आत न जाऊ देणाऱ्या पिशवीत ठेवतात, नाहीतर लांबून कुणी तो पुसू शकतो. घाई आणि काळजी दोन्ही एकदम करायची, हे या कामातलं खरं अवघड.

तारीख लिहिलीय, पण कुठली?

आता माझा आवडता भाग. जुन्या मराठी पत्रांवर तारीख कशी असायची माहितीये? 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे आकडा आणि मुसलमानी महिन्याचं नाव. पुष्कळदा वर्षच नाही! वर्ष असलं तर ते सुहूर सनाचं, तेही अरबी शब्दांत. उदाहरणार्थ, इहिदे खमसैन मया व अलफ. म्हणजे एक, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५१. हे वर्ष सुरू व्हायचं मृग नक्षत्राला. त्यात ५९९ मिळवले की येतं १७५०. पण जानेवारी उजाडला की मिळवायचे ६००. याशिवाय शालिवाहन शक, फसली, हिजरी हे सगळे होतेच. ज्या पत्रावर वर्ष नाही, त्याचं वर्ष राजवाडे आतल्या मजकुरावरून काढत. कोण कुठे आहे, कोण जिवंत आहे, कुठली लढाई होऊन गेलीय. काही वेळा अंदाज चुकलाही, आणि नंतरच्या अभ्यासकांनी तारखा दुरुस्त केल्या. मूळ मजकूर छापलेला होता म्हणूनच ते करता आलं.

तुमच्या फोनमध्येही असाच गोंधळ आहे. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप वेळ मोजतं १ जानेवारी १९७० पासून, मिलिसेकंदांत. आयफोनमधली बरीच ॲप्स मोजतात १ जानेवारी २००१ पासून, सेकंदांत. क्रोम ब्राउझरची हिस्टरी मोजते १ जानेवारी १६०१ पासून, मायक्रोसेकंदांत. डेटाबेसमध्ये दिसतो फक्त एक लांबलचक आकडा. आयफोनचा आकडा १९७० पासूनचा धरला तर मेसेज थेट ३१ वर्षं मागे जातो. ती चूक निदान लगेच दिसते. पण ही वेळ ग्रीनिच वेळेच्या हिशोबाने असते, आपली वेळ साडेपाच तास पुढे. ते मिळवायला विसरलात, तर रात्री ११ चा मेसेज संध्याकाळी साडेपाचचा होतो. ही चूक पटकन दिसत नाही. त्या साडेपाच तासांत कोण कुठे होतं, यावर एखाद्याची सुटका किंवा शिक्षा ठरू शकते.

शिक्का, मोर्तब आणि हॅश

पत्र पुरं झालं की खाली मोर्तबाचा शिक्का असायचा. अर्थ एवढाच, की मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घातलं तर ते आमचं नाही. लांब पत्रासाठी कागद एकमेकांना चिकटवले, तर त्या जोडावरही शिक्का उमटवत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. कागद अस्सल की बनावट, हे ठरवताना अभ्यासक शिक्का, अक्षर, कागद आणि भाषा हे सगळं बघतात.

आज ते काम हॅश करतो. एसएचए-२५६ या गणिती पद्धतीत कुठलीही फाइल घातली की ६४ अक्षरांचा एक ठसा मिळतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, ठसा पूर्ण बदलतो. फोन किंवा हार्ड डिस्कची प्रत काढताना हा ठसा लिहून ठेवतात. सहा महिन्यांनी कोर्टात पुन्हा काढला आणि जुळला, तर मधे कुणी हात लावलेला नाही. जुळला नाही, तर तुमचा अहवाल कितीही हुशारीने लिहिलेला असो, त्यावर प्रश्न उभा राहतो.

मूळ प्रत हरवली की

राजवाड्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. बीडजवळ पाटांगण इथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. नेहमीच्या प्रतींपेक्षा तिची भाषा जुनी, असं त्यांचं मत झालं. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. भाषेच्या अभ्यासात हे मोठं काम मानलं जातं. पण पोथी खरोखर किती जुनी, यावर अभ्यासकांत वाद झाला. आणि वाद मिटवायचा तर ज्या पोथीवरून छापलं तीच समोर हवी. ती मूळ पोथी मात्र आज आपल्याकडे नाही. कागद, शाई, अक्षराचं वळण, काहीच तपासता येत नाही. उरली ती छापील प्रत, आणि राजवाड्यांवरचा विश्वास.

एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीतसुद्धा विश्वास पुरा पडत नाही. म्हणून फोरेन्सिक्समध्ये पहिला नियम, मूळ वस्तूवर काम करायचंच नाही. डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही असं राइट ब्लॉकर उपकरण लावायचं, हुबेहूब प्रत काढायची, काम प्रतीवर करायचं आणि मूळ वस्तू सीलबंद ठेवायची.

कोर्टही हेच बघतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर घेतले का, असा वाद झाला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला नियम स्पष्ट केला. मूळ उपकरणच कोर्टात आणून सिद्ध केलं तर वेगळं, पण प्रत दिली तर सोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलाय, आणि त्यात हॅश लिहायची जागा आहे.

पुरावा वेगळा, मत वेगळं

७ जुलै १९१० ला राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. कागद एका माणसाच्या ट्रंकेत राहू नयेत, संस्थेत राहावेत, कुणालाही बघता यावेत, हा विचार. आज तिथे लाखो मोडी कागद आहेत. पुढे मंडळातल्या लोकांशी त्यांचं पटेनासं झालं आणि ते धुळ्याला गेले. तिथेच ३१ डिसेंबर १९२६ ला वारले. त्यांच्या कागदांसाठी धुळ्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

राजवाड्यांची मतं सगळ्यांना पटत नाहीत. जात, समाज, भाषेची व्युत्पत्ती यावर त्यांनी केलेल्या कित्येक विधानांवर कडक टीका झाली, आणि ती रास्तही आहे. पण त्यांचे खंड त्यांच्या टीकाकारांनाही वापरावे लागतात. कारण मत आणि कागद त्यांनी वेगळे ठेवले. मत प्रस्तावनेत, कागद जसाच्या तसा आत. तज्ज्ञाच्या अहवालातही असंच असावं लागतं. काय सापडलं ते एका भागात, त्यावरून मला काय वाटतं ते दुसऱ्या भागात. माझं मत उद्या चुकीचं ठरलं, तरी पुरावा दुसऱ्याला तपासता आला पाहिजे.

शिकायचं असेल, किंवा नसेल तरी

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. प्रवेशाच्या अटी दरवर्षी अधिकृत साइटवर बघा. पायथन यायला हवं, डेटाबेस कळायला हवा, हे खरं. पण ज्याला नोंदी ठेवायचा कंटाळा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

आणि हे शिकायचं नसलं, तरी एवढं करा. ऑनलाइन फसवणूक झाली, कुणी धमकी दिली, तर घाबरून चॅट डिलीट करू नका. फोन रीसेट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ चॅट तशीच ठेवा. फोटो पुरावा म्हणून पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण साधा फोटो पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. काय झालं, किती वाजता, कुठल्या नंबरवरून, हे लगेच वहीत लिहा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. तपास करणारा माणूस कितीही हुशार असला, तरी तुम्ही पुसलेलं त्याला परत मिळेलच असं नाही.