सिस्टर इग्नेशिया : व्यसनग्रस्तांची माउली

धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी वाचकांपुढे एका व्रतस्थ भगिनीचे चरित्र ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ज्या घरांत दारूने ठाण मांडले आहे, त्या घरांस तिच्या चरित्रापासून बोध व धीर दोन्ही मिळतील, अशी आमची खात्री आहे.

सिस्टर इग्नेशिया यांचा जन्म इ. स. १८८९ साली आयर्लंडातील मेयो परगण्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे पाळण्यातील नाव ब्रिजेट गॅव्हिन. १८९६ साली हे कुटुंब अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी येऊन राहिले. ब्रिजेट संगीतात निपुण झाली व संगीताच्या शिकवण्या करू लागली. १९१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिने संत ऑगस्टीनच्या सेवाभगिनींच्या मठात प्रवेश केला. तेथेही संगीत शिकविण्याचेच काम तिच्याकडे आले. परंतु अतिश्रमाने तिचे शरीर व मन दोन्ही खचले, आणि तिला दीर्घकाळ विश्रांती घ्यावी लागली. पुढे १९२८ साली अ‍ॅक्रन येथील सेंट थॉमस इस्पितळात रोगी दाखल करून घेण्याचे काम तिला देण्यात आले. स्वतः दुर्बलता भोगलेल्या या भगिनीस दुसऱ्याच्या दुर्बलतेचा तिटकारा कधी आला नाही.

त्या काळी दारुड्यास इस्पितळात सहसा थारा मिळत नसे. त्याच इस्पितळात डॉ. रॉबर्ट स्मिथ नावाचे शस्त्रवैद्य येत असत. ते स्वतः दारूच्या पूर्ण आहारी गेलेले होते. १९३५ साली त्यांची न्यूयॉर्कच्या बिल विल्सन या सुटका झालेल्या मद्यप्याशी गाठ पडली. उपदेशाने जे साधले नव्हते, ते समदुःखी मनुष्याच्या बोलण्याने साधले. या भेटीतूनच अल्कोहोलिक्स अनॉनिमस हा संघ निर्माण झाला.

१९३९ च्या ऑगस्टात डॉक्टरांच्या विनंतीवरून सिस्टरांनी एका मद्यप्यास जठरदाहाचा रोगी म्हणून दाखल करून घेतले. इतर रोग्यांपासून दूर, फुले ठेवण्याच्या लहानशा खोलीत त्याची खाट घातली. येथूनच त्या दोघांच्या कार्यास आरंभ झाला. १९५० साली डॉक्टर वारले, तोवर सुमारे ५,००० मद्यपी त्यांच्या उपचाराखालून गेले होते.

सिस्टरांच्या व्यवस्थेतील मर्म औषधात नव्हते. रोगी संघातील एखाद्या सभासदाच्या ओळखीने, म्हणजे स्पॉन्सरच्या जबाबदारीवर, येई. काही दिवसांच्या मुक्कामात त्यास भेटावयास येणारे लोकही संघाचेच असत. कालपर्यंत गटारात पडलेला मनुष्य आज धुतलेल्या कपड्यांत खाटेशेजारी बसून आपली हकीकत सांगे, आणि ती ऐकून निजलेल्या मनुष्याच्या मनात आशा उत्पन्न होई. निरोप देताना सिस्टर प्रत्येकास येशूच्या परमपवित्र हृदयाचा बिल्ला देत. पुन्हा पहिला पेला ओठांस लावण्याची इच्छा झालीच, तर आधी तो बिल्ला त्यांच्या हाती परत आणून द्यावा, अशी त्यांची अट असे.

१९५२ साली त्यांची बदली क्लीव्हलंडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी इस्पितळात झाली. तेथे त्यांनी रोझरी हॉल हा मद्यप्यांचा विभाग उघडला. सुमारे त्याच सुमारास, १९५१ साली, मद्यप्यांच्या पत्नी व आप्तजनांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन हा निराळा संघ निघाला, आणि १९५७ साली त्यांच्या मुलांसाठी अ‍ॅलाटीन. १ एप्रिल १९६६ रोजी सिस्टर प्रभूच्या घरी गेल्या.

बंधुभगिनींनो, दारूचे दुःख एकट्या पिणाऱ्याचे नसते. चूल विझते, मुले भेदरतात, आणि प्रसंगी त्यांस आईबापांपासून दूर ठेवणे भाग पडते. अशा घरावर लज्जेचे कुलूप पडते, आणि आपण शेजारी त्यावर निंदेचे दुसरे कुलूप घालतो. पाद्रीने येऊन बोध करावा, हे योग्यच. परंतु आम्हांस ठाऊक आहे, की त्या माउलीचा खरा आधार म्हणजे तेच भोगून सावरलेली दुसरी माउली. आपल्यापैकी ज्यांना देवाने या संकटातून बाहेर काढले आहे, त्यांनी आपली सुटका लपवून ठेवू नये. शेजारचे दार हळूच ठोठवावे. ते दार उघडण्याचे धैर्य आतल्यांस आणि ते ठोठावण्याची दया बाहेरच्यांस परमेश्वर देवो, हीच आमची प्रार्थना.